गणितात राहिला म्हणून त्याचं मैदान बंद करू नका

दहावीचा निकाल लागल्यानंतरच्या पंधरवड्यात दवाखान्यात येणाऱ्या मुलांचं एक दुखणं मी आता दारातूनच ओळखतो. डोकं दुखतंय, पोटात ढवळतंय, रात्री झोप येत नाही, सकाळी उठवत नाही. तपासलं तर ताप नाही, बीपी व्यवस्थित, पोट मऊ. सोबत आलेली आई आवाज खाली आणून सांगते, "डॉक्टर, गणितात राहिलाय." मी मुलाला विचारतो, "खेळायला जातोस ना रे?" उत्तर त्याच्या आधी आईच देते, "बंद केलंय सगळं. आधी पास होऊ दे."

हा लेख त्या "बंद केलंय सगळं"च्या विरोधात आहे. तुम्हाला राग आला तरी चालेल, पण शेवटपर्यंत वाचा. मुलगा एका विषयात नापास झाला म्हणून त्याची कबड्डी, फुटबॉल, पोहणं, ढोलपथक, नाटक काढून घेणं ही शिस्त नाही. ताप आलेल्या माणसाचं पाणी बंद करावं, तसला तो उपचार आहे. आणि हा उपचार आपल्याकडे घरोघरी चालतो. शिकलेल्या घरांत जरा जास्तच.

आधी एक गैरसमज दूर करू, कारण बरीचशी शिक्षा त्यातून येते. "वर्ष वाया गेलं" हे वाक्य आता जुनं झालं. एके काळी मार्चमध्ये नापास झालेल्याला ऑक्टोबरची वाट पाहावी लागे आणि तोवर अकरावीचं गाडं पुढे निघून गेलेलं असे. २०१५ पासून राज्य मंडळ दहावीची फेरपरीक्षा निकालानंतर लगेच, जून-जुलैच्या सुमारास घेतं. त्यात फक्त राहिलेला विषय द्यायचा असतो, पास झालेले विषय पुन्हा द्यावे लागत नाहीत. शिवाय एक किंवा दोन विषय राहिले असतील तर एटीकेटीच्या सवलतीने अकरावीला प्रवेश मिळतो आणि राहिलेला विषय अकरावी करता करता सोडवता येतो. म्हणजे तुमच्या मुलाचं गेलंय काय? एक पेपर. दीड-दोन महिन्यांत तो पुन्हा देता येईल असा एक पेपर. त्यासाठी घरात सुतक पाळायचं कारण नाही.

एटीकेटीचा खेळाशी थेट संबंध आहे, म्हणून तेही सांगतो. शालेय क्रीडा स्पर्धांत, म्हणजे तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशा चढत जाणाऱ्या स्पर्धांत उतरायचं तर मूल कुठल्या तरी शाळेचं किंवा ज्युनिअर कॉलेजचं नियमित विद्यार्थी असावं लागतं. नापास झाला म्हणून रागाने "वर्षभर घरी बस, सतरा नंबरचा फॉर्म भर आणि अभ्यास कर" असं सांगितलंत, तर त्याची स्पर्धा त्या दिवशीच संपते. १७ वर्षांखालचा गट, १९ वर्षांखालचा गट, या वयाच्या खिडक्या असतात. एक वर्ष हातचं गेलं की खिडकी बंद. पेपर पुढच्या खेपेला देता येतो, पण सोळावं वर्ष पुढच्या खेपेला येत नाही. एटीकेटी मिळत असेल तर घ्या, त्याला कॉलेजात जाऊ द्या आणि पहिल्याच आठवड्यात तिथल्या क्रीडा शिक्षकांना भेटायला सांगा.

आता माझ्या विषयाकडे येतो.

जागतिक आरोग्य संघटना ५ ते १७ वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला सरासरी ६० मिनिटं दम लागेल अशी हालचाल सांगते, आणि आठवड्यातून किमान तीन दिवस हाडं-स्नायू मजबूत करणारा व्यायाम. हे पास झालेल्या मुलांसाठी वेगळं आणि नापास झालेल्यांसाठी वेगळं लिहिलेलं नाही. किशोरवयात हाडं ज्या वेगाने भरतात त्या वेगाने ती पुन्हा कधीच भरत नाहीत. पन्नाशीत गुडघे धरून माझ्याकडे येणाऱ्यांना मी कॅल्शियमच्या गोळ्या लिहून देतो खऱ्या, पण त्या वयात तयार हाड मिळत नाही. ते तेव्हाच, धावून, उड्या मारून कमवायचं असतं.

रोज दोन तास घाम गाळणारा मुलगा एका दिवसात खुर्चीवर बसवला की काय होतं? भूक तशीच राहते, खर्च थांबतो. दोन महिन्यांत पाच-सहा किलो वजन वाढवून आलेली मुलं मी पाहिली आहेत. शरीर थकत नाही म्हणून झोप लागत नाही. झोप लागत नाही म्हणून रात्री दोन वाजेपर्यंत मोबाइल. मग सकाळी डोकं जड, पुस्तक उघडलं की डोळे मिटतात, आणि आपण म्हणतो, "बघा, याला अभ्यासात रसच नाही." १३ ते १८ वयात आठ ते दहा तास झोप लागते. वाचलेलं डोक्यात पक्कं बसण्याचं पुष्कळसं काम झोपेतच होतं. म्हणजे गणित पक्कं व्हावं म्हणून मैदान काढलं आणि त्याच्यासोबत झोप काढून घेतली.

"पण डॉक्टर, खेळण्यात वेळ जातो, मार्क कमी पडतात." हे मी हजारदा ऐकलंय. अमेरिकेतल्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेने २०१० साली शाळेतली हालचाल आणि अभ्यासातली प्रगती या विषयावरचे पन्नास अभ्यास एकत्र तपासले. त्यांत नोंदलेल्या संबंधांपैकी निम्म्याहून किंचित जास्त चांगल्या दिशेचे होते. म्हणजे हालचाल जास्त, तर लक्ष, वागणूक किंवा मार्क बरे. बाकीच्यांपैकी जवळजवळ सगळ्यांत फरक दिसला नाही. उलट दिशेचे, म्हणजे खेळामुळे नुकसान दाखवणारे, होते दीड टक्का. खेळलं की मार्क वाढतातच, असं मी म्हणत नाही, तसं म्हणणाऱ्या जाहिरातींवर विश्वासही ठेवू नका. पण खेळामुळे मार्क बुडतात या समजुतीला आधार नाही, एवढं या तपासणीतून नक्की दिसतं.

घरचं गणितही करून बघा. निकालानंतर शाळा नाही. चोवीस तासांतून झोपेचे नऊ काढा, आंघोळ-जेवण-इकडतिकडचे तीन काढा, मैदानाचा जाण्यायेण्यासह दीड काढा. साडेदहा तास उरतात. गणिताच्या एका विषयासाठी कुठल्या मुलाला साडेदहा तास लागतात? चार तास मन लावून बसला तरी फेरपरीक्षेला भरपूर झालं. तेव्हा वेळ मैदानावर जात नव्हता. तो कुठे जात होता हे तुम्हालाही माहीत आहे, आणि त्या वस्तूचा रिचार्ज तुम्हीच करता. मैदान बंद झालं की मूल पुस्तकाकडे जात नाही, दार लावून घेऊन त्या वस्तूकडे जातं.

काही वाचक म्हणतील, अहो पण परदेशात तर नियमच असतो, नापास झालास तर संघात नाही. असतो, बरोबर आहे. टेक्सास राज्याचा तर त्यासाठी प्रसिद्ध कायदा आहे, १९८४ सालचा. तिथे एखाद्या विषयात शंभरपैकी सत्तरच्या खाली गेलं की मूल सहा आठवडे फुटबॉल, बँड, सगळ्या उपक्रमांतून बाहेर. डॅलस-ह्यूस्टनला राहणाऱ्या आपल्या लोकांच्या मुलांनाही तो लागू होतो. पण तो दाखला देताना पुढचं सांगायला लोक विसरतात. १९९५ साली त्याच टेक्सासने तो कायदा सैल केला. सहा आठवड्यांचे तीन आठवडे झाले, आणि त्या तीन आठवड्यांत सामना खेळता येत नसला तरी संघासोबत सराव करायला, बँडच्या तालमीला यायला मोकळीक राहिली. मार्क सुधारले की पुन्हा संघात. तिथल्या शाळांत राहिलेल्या विषयाचं क्रेडिट उन्हाळी वर्गात भरून काढायची सोयही असते. म्हणजे कडकपणासाठी ओळखल्या जाणाऱ्या राज्यातसुद्धा शिक्षेला मुदत आहे, परत येण्याचा रस्ता ठरलेला आहे, आणि अंगातला घाम कोणी बंद केलेला नाही.

आपल्या घरातल्या शिक्षेला मुदत असते का? "पास होईपर्यंत." मग पास झाल्यावर "अकरावी अवघड असते." मग "बारावीचं वर्ष आहे." मग सीईटी, मग नीट. बूट माळ्यावर जातात ते पायाला लहान होईपर्यंत खाली येत नाहीत.

या बाबतीत शाळाही काही कमी नाहीत. दहावीला "आरोग्य व शारीरिक शिक्षण" हा श्रेणी विषय आहे. जून ते फेब्रुवारी पीटीचा तास गणिताच्या सरांनी घेतलेला असतो, आणि तरी वर्षाअखेर वर्गातल्या सगळ्यांना "अ" श्रेणी मिळते. जे मूल वर्षभर मैदानावर उतरलंच नाही त्याला शारीरिक शिक्षणात "अ" आणि ज्याला मैदानाशिवाय दुसरं काही जमत नव्हतं त्यालाही "अ". गंमत अशी की हेच शासन जिल्हा आणि त्यापुढच्या स्पर्धा खेळलेल्या मुलांना दहावी-बारावीत सवलतीचे क्रीडा गुणही देतं. शाळेमार्फत त्याचा प्रस्ताव वेळेत जावा लागतो. तुमचं मूल त्यात बसत असेल तर निकाल लागायच्या कितीतरी आधी क्रीडा शिक्षकांना विचारा. खेळ सोडवण्यापेक्षा हे विचारणं केव्हाही फायद्याचं.

मुलींचं तर आणखी वाईट आहे. मुलगा नापास झाला तर त्याचं मैदान जातं. मुलगी नापास झाली तर मैदान जातं, क्लास जातो, बाहेर पडणं जातं, आणि काही घरांत पाहुण्यांचे फोन सुरू होतात. खो-खोत जिल्ह्यापर्यंत गेलेली मुलगी दोन वर्षांनी कडेवर बाळ घेऊन थकव्याची तक्रार करत माझ्यासमोर बसते, हिमोग्लोबिन आठ. अशी वेळ ज्या घरांनी आणली ती घरं दुष्ट नव्हती. "अभ्यासात डोकं नाही" हा निर्णय त्यांनी एका मार्कलिस्टवर घेतला, एवढंच. मुलीसाठी सरावाला जाणं म्हणजे घराबाहेर हक्काने घालवलेला एक तास असतो. तो गेला की बाकीचं फार पटकन जातं.

हिमोग्लोबिनचा विषय निघालाच आहे तर विचारतो, मूल नापास का झालं हे कोणी तपासलं का? मार्क कमी आले की आपण क्लास बदलतो, रक्त तपासत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत देशातल्या १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी ५९ टक्के आणि मुलांपैकी ३१ टक्के रक्तक्षयाच्या आढळल्या. लोह कमी असलेल्या मुलाला दहा मिनिटांच्या वर एका जागी लक्ष लावता येत नाही, चिडचिड होते, दम लागतो. शाळेत आठवड्याला मिळणारी लोहाची निळी गोळी बहुतेक मुलं खिडकीतून फेकतात, हे मला मुलांनीच सांगितलंय. घरी विचारा. डोळे तपासा. फळ्यावरचं धूसर दिसतंय हे कित्येक मुलं सांगत नाहीत, कारण सगळ्यांना तसंच दिसतं असं त्यांना वाटतं. झोपेत घोरतो का, मान जाड-जाड वाटते का, वजन एकदम वाढलंय का, हे सांगा, थायरॉइडची तपासणी लागते की नाही ते तुमचे डॉक्टर ठरवतील.

बाकी विषयांत बरा आणि फक्त गणितात, किंवा फक्त लिहिण्या-वाचण्यात वर्षानुवर्षं अडकतोय, असं असेल तर अध्ययन अक्षमतेचा विचार करा. बुद्धी उत्तम, पण आकडे उलटसुलट होतात, पाढे राहत नाहीत, वजाबाकीत हातचा कुठून घ्यायचा ते दहावीतही कळत नाही. हा आळस नव्हे. अशा मुलांना परीक्षेत सवलती देणारं महाराष्ट्र हे देशातलं पहिलं राज्य, १९९६ पासून. पेपरला जादा वेळ, लेखनिक, गणिताला सोपा पर्याय असं बरंच काही मिळू शकतं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातही याचा समावेश आहे. मुंबईत सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयासारख्या सार्वजनिक रुग्णालयात याची तपासणी होते. पण या चाचण्यांना अनेक फेऱ्या लागतात, प्रमाणपत्र पेपरच्या आदल्या आठवड्यात मिळत नाही. आठवी-नववीतच जा. अशा मुलाचं मैदान बंद करून त्याला त्याच गणिताच्या क्लासला दोनदा पाठवणं म्हणजे चष्मा न देता फळ्याजवळ बसवणं.

आणि एक गोष्ट, जी लिहिताना मला बरं वाटत नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या २०२२ च्या अहवालात देशभरात १३,०४४ विद्यार्थ्यांच्या आत्महत्यांची नोंद आहे आणि राज्यांत महाराष्ट्र सगळ्यात वर आहे. सगळ्यांचं कारण परीक्षा नसते, आणि एका कारणाने कोणी असं करत नाही. पण नापास मुलाभोवती आपण काय काय काढून घेतो ते बघा. निकालाने त्याची घरातली किंमत घेतली. वर्गमित्र पुढच्या प्रवेशाच्या गडबडीत गेले. नातेवाइकांचे फोन आले. अशा वेळी त्याच्याजवळ उरतं काय? संध्याकाळी साडेपाचचं मैदान, जिथे त्याला कोणी टक्के विचारत नाही, जिथे तो अजूनही चांगला चढाईपटू आहे, आणि एक सर, जे कदाचित दिवसभरात त्याच्याशी बरं बोलणारे एकटेच मोठे माणूस असतात. तेही तुम्ही बंद करता.

मूल गप्प गप्प झालं, जेवण-झोप मोडली, आवडीच्या वस्तू वाटून टाकू लागलं, "मी नसतो तर बरं झालं असतं" असं काही बोललं, तर ते नाटक समजू नका. त्याला सरळ विचारा, "जीव द्यावासा वाटतोय का?" विचारल्याने डोक्यात तसलं काही शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. त्याला एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. टेलीमानस ही सरकारी मोफत मदत सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास असते, मराठीतही बोलता येतं.

मग काहीच बंधन घालू नये का? घाला की. मी काही मैदानाचा एजंट नाही. फेरपरीक्षेपर्यंत बाहेरगावच्या स्पर्धा नकोत, चार-चार दिवसांचे दौरे नकोत, रात्रीचे प्रकाशझोतातले सामने नकोत, हे मला मान्य आहे. पण ते त्याच्याशी बोलून ठरवा आणि तारीख घालून ठरवा. शेवटचा पेपर झाला की दुसऱ्या दिवसापासून पुन्हा सगळं सुरू, असं त्याच्यासमोर कॅलेंडरवर लिहा. आणि रोजचा सराव, तास-सव्वा तासाचा, एकही दिवस बंद नको, पेपरच्या आदल्या दिवशीसुद्धा नको. सकाळी मैदान असेल तर उत्तम: आल्यावर आंघोळ, नाश्ता आणि लगेच गणित, डोकं ताजं असताना. मोबाइल रात्री दहाला तुमच्या खोलीत चार्जिंगला, तुमचाही. स्पर्धा न खेळणारं मूल असेल, नुसतं गल्लीत क्रिकेट खेळणारं, सायकल चालवणारं, तरी हेच लागू. वाद्य वाजवणाऱ्या आणि नाटकात काम करणाऱ्या मुलांनाही तालीम ठेवा, फक्त त्यांना वेगळं थोडं चालायला-धावायला लावा.

फेरपरीक्षेचा अर्ज शाळेमार्फत भरायचा असतो आणि त्याची मुदत फार थोड्या दिवसांची असते. निकालानंतर पहिल्या दोन-तीन दिवसांत शाळेत जा, मुलाला सोबत न्या, लेखनिकाची किंवा जादा वेळेची सवलत हवी असेल तर तिथेच विचारा. परत येताना त्याच्या क्रीडा शिक्षकांना गाठा. सांगा, उद्यापासून सरावाला येतोय, सामने परीक्षेनंतर. पुष्कळ सर अशा वेळी मुलाला उभं करून गणिताचाही हिशोब विचारतात, आणि त्यांचं मुलं ऐकतात, तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त.